रोहिणीतले लोणार, मृगातले लोणार

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर भिंतीवर दोन चौकोनी चित्रे शेजारी शेजारी लावलेली आहेत. दोन्हींत जागा एकच, बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर. डावे चित्र २५ मे २०२० चे, उजवे १० जून २०२० चे. डावीकडचे तळे हिरवे आहे, उजवीकडचे गुलाबी. घरी येणारा प्रत्येक जण आधी उजवीकडे पाहतो, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. माझा पुतण्या आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "काका, हे एडिट केलंय ना?"

नाही, असे मी त्याला सांगितले. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे तर माझेही झाले नाही. हा रंग खरा म्हणायचा तर कुठल्या अर्थाने? कुणी पाहिला, कुठून पाहिला, कशाने मोजला? या प्रश्नांची उत्तरे चित्रातच असतात, फक्त ते सावकाश वाचावे लागते. कवितेच्या ओळीपाशी आपण थांबतो, हा शब्द इथेच का आला, लय इथे का अडखळली, असे स्वतःला विचारतो. उपग्रहाने टिपलेली प्रतिमाही अशी ओळीओळीने वाचता येते, हे मला फार उशिरा कळले. तिचे व्याकरण थोडे शिकून घ्यावे लागते. त्या व्याकरणाला आपल्याकडे सुदूर संवेदन म्हणतात. नागपूरच्या सरकारी केंद्राचे नावच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र असे आहे. नाव जड आहे, पण त्यातल्या 'संवेदन' या शब्दावर माझा जीव आहे. तव्यापासून वीतभर वर तळहात धरून तवा तापला की नाही हे आई ओळखते, तेच हे. न शिवता जाणणे. तव्याची ऊब हातापर्यंत येते आणि हात तिचा अर्थ लावतो. लोणारचा प्रकाश ७०५ किलोमीटर वर जातो आणि तिथे एक यंत्र त्याची मोजणी करते.

ते यंत्र ज्या उपग्रहावर आहे त्याचे नाव लँडसॅट ८. तो ११ फेब्रुवारी २०१३ रोजी आकाशात गेला. त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष २३ जुलै १९७२ चा, म्हणजे पृथ्वीची अशी चित्रे घेण्याची परंपरा आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. पण चित्रकार कोण, या प्रश्नाला इथे नेहमीचे उत्तर नाही. ही दोन चित्रे कुणी ठरवून काढलेली नाहीत. तळे गुलाबी झाल्याची बातमी आली म्हणून कुणी कॅमेरा तिकडे वळवला नाही. लँडसॅटला बातमी ठाऊक नव्हती. तो नेहमीसारखा येऊन गेला.

म्हणून या जोडचित्रात मला सर्वांत बोलकी वाटते ती दोन चित्रांच्या मधली मोकळी जागा. २५ मे ते १० जून म्हणजे नेमके सोळा दिवस. पंधरा नाहीत, सतरा नाहीत. लँडसॅट ८ पृथ्वीभोवती सुमारे ९९ मिनिटांत एक फेरी मारतो, उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत, ध्रुवांच्या जवळून. खाली पृथ्वी फिरत असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत त्याच्या पायाखाली वेगळा पट्टा येतो. २३३ फेऱ्या झाल्या की तो पहिल्या पट्ट्यावर परत येतो आणि त्याला सोळा दिवस लागतात. शिवाय कक्षा अशी बेतलेली आहे की तो येतो तेव्हा खाली सूर्यावरून धरलेली वेळ जवळजवळ तीच असते. लोणारवर तो आपल्या घड्याळाने सकाळी साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास येतो. मे असो, डिसेंबर असो, वेळ चुकत नाही.

वारकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. वारी म्हणजे एकदा जाऊन येणे नव्हे. ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या वाटेने पुन्हा पुन्हा जाणे. पहिल्या वारीत माणूस देऊळ बघतो. दहाव्या वारीत त्याला वाटेवरचा एखादा वड तोडलेला दिसतो, एखादी विहीर आटलेली दिसते. उपग्रह उंचावरून बघतो याचे आपल्याला कौतुक वाटते. उंचावरून तर घारही बघते. लँडसॅटचे मोठेपण त्याच्या परतण्यात आहे. तोच माथा, तीच वेळ, सूर्यही जवळजवळ तिथेच, त्यामुळे दोन चित्रांत जो फरक उरतो तो बहुतेक जमिनीचाच असतो. सकाळी काढलेला फोटो आणि संध्याकाळी काढलेला फोटो शेजारी ठेवले तर आपण सावल्यांचीच तुलना करत बसू. इथे ती भानगड फार कमी. डावीकडच्या चित्राच्या वेळी रोहिणी नक्षत्र नुकतेच लागले होते, उजवीकडच्या वेळी मृग लागून दोन-तीन दिवस झाले होते. शेतकऱ्याच्या पंचांगातल्या दोन नक्षत्रांच्या तोंडावर ही दोन चित्रे बसली आहेत, तीही कुणी बसवलेली नसताना.

आता चित्राच्या आत जाऊ. पहिली नजर वर्तुळावर जाते. दख्खनच्या पठारावर इतके नेमके वर्तुळ सहजी सापडत नाही. नद्या वळतात, डोंगर फाटे फोडतात, बांध वेडेवाकडे धावतात. त्या सगळ्यात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची एक गोल रेघ. बेसॉल्टच्या थरावर अशनी आदळून हे विवर झाले, याचा पुरावा १९७३ साली पक्का झाला, इथल्या खडकात आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले खनिज सापडले तेव्हा. त्याआधी हे ज्वालामुखीचे तोंड असावे असेही मानले जाई. गंमत अशी की वर्तुळ बघून दोन्ही मते सुचू शकतात. चित्र आकार दाखवते, त्या आकाराचे कुळ सांगत नाही. विवराच्या वयाबद्दल तर अभ्यासकांचे आकडेही एकमेकांपासून फार दूर आहेत, एका पद्धतीने बावन्न हजार वर्षे, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. भिंतीवरच्या चित्राला त्यात काही म्हणायचे नाही.

पण वर्तुळ नीट निरखले की एके ठिकाणी ते मोडलेले दिसते. ईशान्येला. वृत्तात चालणाऱ्या ओळीत एखादी मात्रा जास्त पडावी तशी तिथे काठाला खाच आहे आणि खाचेतून आत तळ्याकडे एक पंखा पसरला आहे. ही धारेची जागा. गोमुखातून बारमाही गोडे पाणी येते, ते ओढ्याने खाली उतरते आणि हजारो वर्षे आणलेला गाळ खाऱ्या तळ्याच्या काठाशी टाकत राहते. आकाशातून आलेल्या एका आघाताने झालेला गोल आणि रोजच्या झुळझुळीने केलेली ती खाच, दोन्ही एकाच चौकटीत. मला तळ्याच्या रंगाइतकीच ही खाच मोलाची वाटते. काठावर उभे राहून धार दिसते, देऊळ दिसते, माणसे दिसतात, पण तिने वर्तुळाचे काय केले ते वरूनच कळते.

विवराच्या उत्तरेला, साधारण सातशे मीटरवर, अंबर तळ्याचा खोलगट भाग आहे. चित्रात तो शोधावा लागतो. तोही आघाताचाच का, यावर मतभेद आहेत.

चित्र आणखी मोठे करून पाहिले की एका क्षणी रेषा संपतात आणि चौकोनी ठिपके सुरू होतात. पिक्सेल. लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा उपग्रह एकदम सातबाऱ्याच्या भाषेत बोलायला लागला. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटरचा, तो तर जवळपास बरोबर एक गुंठा. नियमित कामासाठीचा आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून गेला, त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटरचा होता. म्हणजे सव्वा एकराहून जास्त जमीन एका ठिपक्यात. तेव्हाचे अभ्यासक त्या ठिपक्यांतून पिके, पडीक जमिनी, पाणलोट वाचत होते हे आठवले की त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

ठिपक्याला प्रत्येक रंगाचा एकच आकडा मिळतो. त्या नऊ गुंठ्यांत जे काही आहे त्या सगळ्याच्या प्रकाशाची सरासरी. पाण्याच्या मधोमध हे सोपे आहे, सगळे पाणीच पाणी. पण काठावर? तिथल्या एका ठिपक्यात थोडे पाणी, थोडा पांढरट खार, थोडा चिखल, वेड्या बाभळीची एखादी फांदी आणि कमळजादेवीच्या देवळाचा एखादा कोपरा. सगळे एकमेकांत विरघळून एक मधलाच रंग होतो, जो तिथल्या कुठल्याच वस्तूचा नसतो. म्हणून तळ्याची कड चित्रात धूसर आहे. हा दोष म्हणता येईल. मला तो चित्राचा प्रामाणिकपणा वाटतो. जे वेगळे दिसले नाही ते त्याने वेगळे दाखवले नाही.

लँडसॅटची मूळ चौकट १८५ किलोमीटर रुंद असते आणि साधारण तितकीच लांब. तीत साडेतीन कोटींहून अधिक ठिपके मावतात. त्यांतले लोणारच्या पाण्याच्या वाट्याला येतात हजार-बाराशे. त्या जूनमध्ये ज्या रंगाने टाळेबंदीत घरी बसलेल्या सबंध महाराष्ट्राचे डोळे वेधले, तो या चौकटीत एवढासा आहे. आणि तो टिपायला वेळ किती लागला? उपग्रहाची जमिनीवरची सावलीवाट सेकंदाला पावणेसात किलोमीटरच्या आसपास पुढे सरकते. विवर त्याच्या खालून पाव सेकंदात निघून गेले. यंत्रात फिरता आरसा नाही, पूर्वीच्या लँडसॅटमध्ये होता. इथे प्रत्येक रंगासाठी हजारो संवेदक ओळीने बसवलेले आहेत. अंगण झाडताना केरसुणी पुढे सरकत जावी तशी ती ओळ जमिनीवरून सरकते. पाव सेकंदात साठ ओळी, आणि लोणार झाले.

आता रंग. पुतण्याचा प्रश्न इथेच येतो.

सूर्याहून निघालेला प्रकाश सुमारे सव्वाआठ मिनिटांनी लोणारला पोचतो. त्यात सगळे रंग आहेत आणि डोळ्याला न दिसणारे पलीकडचे तरंगही आहेत. पाणी, पान, माती, खडक, प्रत्येक जण त्यातले काही ठेवून घेतो, काही परत करतो. कोण काय परत करतो यावरून त्याची ओळख पटते. सुदूर संवेदनाचा सगळा पाया एवढाच. वस्तू ओळखायची ती तिने नाकारलेल्या प्रकाशावरून. हिरवे पान हिरवे दिसते कारण त्यातले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश स्वतःसाठी ठेवते आणि हिरव्याचा काही भाग सोडून देते. विदर्भातली काळी माती प्रकाश परत करायला फार कचरते, म्हणून ती काळी.

आपला डोळा हे सगळे एका क्षणात एकत्र करून 'हिरवे' म्हणून मोकळा होतो. यंत्र तसे करत नाही. ते प्रत्येक रंगाचा पट्टा वेगळा मोजते. निळ्याचा आकडा वेगळा, हिरव्याचा वेगळा, तांबड्याचा वेगळा, आणि प्रत्येक आकड्याला ४०९६ पायऱ्या. म्हणजे लोणारची मूळ प्रतिमा रंगीत नाहीच. करड्या रंगाच्या बऱ्याच प्रती एकावर एक ठेवलेल्या, अशी ती आहे. भिंतीवर दिसणारे चित्र त्यातल्या तीन प्रती घेऊन केले आहे, तांबड्या पट्ट्याला तांबडा रंग, हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा. डोळ्याने पाहिले असते तर जसे दिसले असते त्याच्या जवळ जाणारे. मी पुतण्याला म्हणालो, "एडिट केलेलं नाही, जुळवलेलं आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग वेगळं पण जुळवता येईल?"

येते, आणि तिथे खरा आनंद सुरू होतो. लँडसॅट ८ चा पाचवा पट्टा डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडचा, निकट-अवरक्त. तरंगलांबी ०.८५ ते ०.८८ मायक्रॉन. या प्रकाशात निरोगी पान झळझळते. हरितद्रव्याला त्याचा उपयोग नसतो आणि पानाच्या आतल्या सैलसर पेशींच्या जाळीत शिरलेला तो प्रकाश तिथून विखरून बराचसा परत येतो. पान आजारी पडले, त्या जाळीची घडी बिघडली, की ही झळाळी कमी होऊ लागते. भारतात सुदूर संवेदनाचा श्रीगणेशा झाला तो याच गुणावर. १९७० साली पी. आर. पिशारोटी यांनी केरळात नारळाच्या मूळ-मर रोगाचा माग हेलिकॉप्टरमधून काढला, अवरक्त प्रकाश टिपणारी फिल्म वापरून. तेव्हा आपल्याकडे स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. नारळाच्या झावळ्या होत्या, कॅमेरा होता आणि जे डोळ्याला दिसत नाही त्यात रोग दिसेल हा विश्वास होता.

या अवरक्त पट्ट्याला तांबडा रंग दिला, तांबड्याला हिरवा आणि हिरव्याला निळा, की जे चित्र तयार होते त्याला या कामातली माणसे एफसीसी म्हणतात. त्यात झाडे लालभडक दिसतात. नवखा माणूस दचकतो. वापराने मात्र डोळा असा सरावतो की लाल दिसले की मनात गर्द हिरवे उमटते. पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून स्वच्छ तळे तिथे जवळजवळ काळे असते.

लोणारच्या दोन तारखा मी मनातल्या मनात अशा रीतीने जुळवून पाहतो. मेच्या चित्रात तळे हिरवे, म्हणजे आकड्यांच्या भाषेत हिरवा पट्टा तांबड्याच्या आणि निळ्याच्या वर. पाण्यातल्या शेवाळी जिवांचे हरितद्रव्य बाकीचे दोन रंग ठेवून घेत होते. जूनमध्ये गुलाबी, म्हणजे तांबडा वर गेला, हिरवा खाली पडला, निळा मधे राहिला. मग एफसीसीमध्ये काय होईल? तिथे तांबड्या पट्ट्याला हिरवा रंग दिलेला असतो. म्हणजे जगभर गाजलेले गुलाबी तळे त्या चित्रात हिरवटाकडे झुकणार. आणि मेमधले हिरवे तळे निळसर काळपट. एकाच दिवसाच्या एकाच जागेची ही दोन रूपे, दोन्ही तितकीच खरी, कारण दोन्हींच्या खाली आकडे तेच. मला या जागी नेहमी थरारल्यासारखे होते. गुलाबी हे नाव आपले. तळ्याने फक्त हिरवा प्रकाश परत देणे थांबवले होते.

यंत्रातला आणखी एक पट्टा मला फार आवडतो, नववा. तो १.३७ मायक्रॉनच्या आसपासचा, जिथे हवेतली वाफच सगळा प्रकाश शोषून घेते. त्या पट्ट्यात जमीन दिसतच नाही. मग तो ठेवला कशाला? फार उंचावर, वाफेच्या वर, जे विरळ पिंजलेले ढग असतात ते बाकीच्या चित्रात नजरेतून निसटतात. या पट्ट्यात तेवढेच दिसतात. लोणार न बघण्यासाठी ठेवलेला डोळा. लोणारच्या चित्रात त्या दिवशी मधे काही आले होते का, हे तो सांगतो. वेगळ्या यंत्रातले दोन पट्टे उष्णता टिपतात, सूर्याची परत आलेली नव्हे, तर जमिनीच्या स्वतःच्या अंगची. तव्यावर धरलेला तळहात तो हाच. त्यांचे मूळ माप शंभर मीटरचे, म्हणजे एका ठिपक्यात एक हेक्टर. मेच्या सकाळी पावणेअकराला उघडे शेत आणि तळ्याचे पाणी यांत त्या पट्ट्यांनी केवढा फरक मांडला असेल, हे विदर्भाच्या उन्हात अनवाणी चाललेल्याला सांगायला नको.

इथपर्यंत चित्र भरभरून बोलते. मग एक जागा येते जिथे ते थांबते. तळे गुलाबी का झाले?

त्या दिवसांत जो तो आपापले कारण सांगत होता. कुणी शेवाळ म्हटले, कुणी प्रदूषण, कुणी दंतकथेतल्या लवणासुराच्या रक्ताची आठवण काढली. प्रतिमेकडे बघून कुणालाही खोटे ठरवता आले नसते. ती 'काय' सांगत होती आणि 'केव्हा' हेही काही दिवसांच्या फरकाने सांगत होती. 'का' साठी माणसाला विवरात उतरून बाटलीत पाणी भरावे लागले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, पाण्याचे नमुने प्रयोगशाळांकडे गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उत्तर दिले. हॅलोआर्किया. अति खाऱ्या पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्म जीव. उन्हाळ्याने पाणी आटले, खारेपणा वाढला आणि त्यांचे फावले. त्यांचे रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश शोषते. आकाशातल्या यंत्राने ज्या पट्ट्याचा आकडा खाली पडलेला टिपला होता त्यालाच प्रयोगशाळेने बाटलीत हात घालून नाव दिले. नमुना काही दिवस न हलवता ठेवला तेव्हा जैवभार तळाशी बसला आणि वर पाणी नितळ राहिले, असेही त्यांना आढळले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यात राहणाऱ्यांचा होता.

या क्षेत्रातली मंडळी याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. प्रतिमेवर वाचलेले जमिनीवर जाऊन पडताळायचे. कृषी सहायक बांधावर जाऊन बघतो की उपग्रहाने कपाशी म्हटलेली ती कपाशीच आहे ना, तेही हेच. वरचा डोळा आणि खालची पायपीट यांत कोण श्रेष्ठ, हा वाद मला अगदी निरर्थक वाटतो. पण इतके मात्र मी ठामपणे म्हणेन की प्रतिमा पाहून जो माणूस पायात चपला घालून निघत नाही त्याने ती अर्धीच वाचली.

जोडचित्रातल्या मधल्या मोकळ्या जागेकडे मी पुन्हा येतो. त्या सोळा दिवसांत ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मोसमी पाऊस दाराशी येऊन ठेपला होता. लोणारवर १० जूनला आभाळ उघडे मिळाले हे भाग्यच. मृगानंतर आपल्याकडच्या आकाशाचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. परावर्तित प्रकाशावर जगणाऱ्या यंत्राला ढगाच्या पलीकडचे काही दिसत नाही, आणि आपली खरिपाची पिके नेमकी ढगाखाली वाढतात. हे दुःख इथल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. म्हणून स्वतःचा दिवा घेऊन जाणारे उपग्रह आले. ते रडारच्या लहरी खाली सोडतात आणि परत आलेला प्रतिसाद ऐकतात. ढग आडवा येत नाही, रात्रही नाही. आपला रिसॅट-१ २०१२ साली गेला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासा यांचा निसार गेला, तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. रडारला गुलाबी कळत नाही. त्याला खडबडीतपणा कळतो, ओल कळते, जमीन किंचित सरकलेली कळते. ती वेगळी भाषा आहे, तिचे रसग्रहण वेगळ्या डोळ्याने करावे लागेल.

या दोन चित्रांसाठी मी एक पैसाही मोजलेला नाही. २००८ पासून लँडसॅटचा साठा जगात कुणालाही फुकट मिळतो. त्याआधी एकेका चौकटीला शेकडो डॉलर पडत. दार उघडले आणि ज्यांनी कधी उपग्रह पाहिला नाही असे विद्यार्थी आपापल्या तालुक्याची वीस-तीस वर्षांची चित्रे एकाखाली एक लावू लागले. लोणार त्याच २०२० च्या नोव्हेंबरात रामसर यादीत गेले, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ती दुसरी पाणथळ जागा. तळ्याचे पाणी कुठल्या वर्षी किती पसरले, किती आटले हे बघायचे तर तो साठा आहेच, आणि त्यात मी कित्येक रात्री हरवलो आहे.

गेल्या हिवाळ्यात मी लोणारला गेलो ते तारीख बघून. लँडसॅट ९ आल्यापासून दोघांत मिळून दर आठ दिवसांनी फेरी होते, त्यातली एक धरली. दहा वाजता काठावर पोचलो. तळे हिरवट होते. खाली झाडांतून मोराचा आवाज येत होता. मी ईशान्येची खाच डोळ्यांनी शोधली, धारेकडून येणारी ओल्या कपड्यांतली माणसे पाहिली आणि एका मोकळ्या खडकावर जाऊन उभा राहिलो. साडेदहानंतर मान वर करून पाहत राहिलो. निळ्या आकाशात दिसण्यासारखे काही नव्हते, हे ठाऊकच होते. घड्याळात पावणेअकरा होऊन गेले. तेवढ्यात कधीतरी तो पाव सेकंद येऊन गेला असणार. घरी परतल्यावर चार-पाच दिवसांनी ती चौकट उतरवून घेतली, उत्तर काठावरचा माझा ठिपका आकड्यांवरून शोधला. करडा, किंचित तांबूस. खडक, वाळलेले गवत, एक पायवाट, बाभळीची थोडी सावली, आणि त्या नऊ गुंठ्यांच्या सरासरीत मीही.